बोट दाखवलेली काकडी

परवा एका लग्नासाठी नारायणगावला गेलो होतो. पंगती उठल्या, वऱ्हाडी मंडळींनी मिळेल त्या भिंतीला टेकून डोळे मिटले, आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याची विचारपूस करण्याचं कर्तव्य सगळ्यांचं एकदा करून झालं, तेव्हा मी काठी उचलली आणि मीना नदीच्या कडेकडेने वर चालत सुटलो. दोनेक कोस गेल्यावर आपण कुठे आलो ते पायांना आधी कळलं, मला मागाहून. समोर तोच मळा होता. तीच विहीर, मोटेचं पाणी पडून पडून मधोमध खळगा पडलेलं तेच दगडी थारोळं. मांडवावर पडवळं लोंबत होती, आणि सरळ वाढावीत म्हणून प्रत्येकाच्या शेपटाला सुतळीने एकेक खडा बांधलेला होता. वारा नव्हता. तरी खडे हलत होते. सगळे एकदम नाही, एकामागून एक, जणू कोणी ओळीने त्यांना शिवत चाललं होतं.

मी थारोळ्यावर बसलो आणि उजवी मूठ घट्ट मिटून घेतली. भाजीचा मांडव दिसला की माझी मूठ आपोआप मिटते. बाजारात लोकांना वाटतं, मास्तरांच्या हातावरून वारं गेलं असावं. मी त्यांना तसंच वाटू देतो. खरं सांगितलं तर हातापेक्षा डोक्याची काळजी करतील.

मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा मला सगळं येत होतं. जुन्नरच्या पेठेत वाढलेला, फायनलची परीक्षा पहिल्या खेपेला पास झालेला, आणि या गावच्या शाळेत दुय्यम मास्तर म्हणून नुकताच नेमलेला. थोरले मास्तर फार हुशार. गावात पहिला उंदीर मेला त्याच दिवशी त्यांनी रजेचा अर्ज लिहिला. दुसरा उंदीर सापडेपर्यंत ते नदीपार झाले होते. मग शाळा म्हणजे मीच.

प्लेगची ती तिसरी खेप. भाद्रपदात उंदीर पडायला लागले, पाटलाने दवंडी दिली आणि तीन दिवसांत अख्खं गाव उठून मळ्यांत नि माळावर झोपड्या घालून राहिलं. मागे सरकारी माणसं आली. घरांत ऊन शिरावं म्हणून त्यांनी कौलं उतरवली, भिंतींना चुना फासला, उंबऱ्यांवर फिनेल शिंपडलं. मळ्यातून मान वर केली की गाव दिसायचं, पांढरं स्वच्छ, बिनछपराचं, आणि एकाही चुलीचा धूर नाही. कुत्रीसुद्धा माणसांमागून निघून आली होती. भर दुपारी त्या बाजूने फिनेलचा वास यायचा, आणि त्यात मिसळून मोहरीची फोडणी जळल्यासारखा आणखी एक. तिकडे स्वयंपाक करायला कोणी नव्हतं. तरी यायचा.

शाळा भरायची भागूजी माळ्याच्या मळ्यात, करंजाच्या झाडाखाली. भागूजी दिवसभर मोटेवर आणि त्याचं बोलणं बैलांशी. मळा चालवायची त्याची बायको ठकूबाई. उंच, हाडांची, कमरेला विळा. प्लेगच्या आदल्या दोन खेपांनी तिचा एकेक मुलगा नेला होता. उरली होती ती बायजा, पाच वर्षांची. मुलीला शाळेत घालण्याची तेव्हा रीत नव्हती, पण शाळाच तिच्या अंगणात येऊन बसली म्हटल्यावर ती सतरंजीच्या टोकाला येऊन बसू लागली. मीही तिचं नाव पटावर चढवलं. पट वाढलेला शाळा तपासायला येणाऱ्या डिपटीसाहेबांना आवडतो.

मोठी मुलं कामाला जुंपलेली, त्यामुळे माझ्याकडे बिगारीतली नऊच चिल्लीपिल्ली. पुस्तकं गावात राहिली होती. वरून हुकूम आला की अशा काळात भोवतालच्या वस्तू दाखवून पदार्थपाठ द्यावेत. मी नव्या वहीत सुंदर अक्षरात लिहिलं: विषय, आपल्या गावच्या भाज्या. हेतू, लहान मुलांस भाज्यांची ओळख करून देणे. भाजीच्या वाफ्यात जन्मलेल्या मुलांना भाजीची ओळख मी करून देणार होतो. माझी तर तिच्याशी फक्त ताटात भेट झालेली, आणि चिरल्यावर सगळ्या भाज्या एकाच कुळातल्या दिसतात.

पहिल्या दिवशी एक लांबोडकी हिरवी वस्तू हातात धरून मी म्हणालो, "हा दोडका."

नऊ जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांच्यातला सगळ्यांत उंच, गेणू, हळूच म्हणाला, "मास्तर, ह्ये घोसाळं हाय."

"दोडकाच."

"दोडक्याला शिरा असत्यात. हात फिरवून बघा की. ह्ये कसं म्हशीच्या कानावानी गुळगुळीत हाय."

मी हात फिरवला. होतं तसंच. मुलं तोंडावर हात धरून हसली. बायजा तर सतरंजीवर आडवीच पडली. अशा वेळी मास्तराने काय करावं? मुलांची एखादी चूक शोधावी. ती मला लगेच सापडली.

"कारलं कुठे आहे, दाखवा बरं," मी म्हणालो. नऊ हात मांडवाकडे उठले, आणि पाहतो तर एकाही हाताचं बोट सरळ नाही. सगळ्यांनी तर्जनी दुमडलेली, बोटाचं मधलं पेर पुढे केलेलं, जणू दारावर टकटक करताहेत.

"ही काय पद्धत? डिपटीसाहेबांपुढे असं दाखवणार? बोट सरळ!"

कोणी करेना. मग मी ओळीने गेलो आणि एकेकाचं बोट माझ्या हाताने सरळ केलं. गवारीच्या कोवळ्या शेंगांएवढी बोटं. उलगडली की पुन्हा मिटायची. बायजाने तर मूठच काखेत दडवली.

"आय मारंल."

"का म्हणून?"

"कवळ्या फळाला बोट दावलं की त्ये झडतं."

मी हसलो, ते हसू आजही माझ्या कानात आहे. नुसता हसलो नाही. पुढे झालो, उजवा हात ताणला आणि मांडवावरच्या, कुंपणावरच्या प्रत्येक वेलाच्या कोवळ्या फळाला, फुलाची टोपी अजून न गळालेल्या फळाला, बोटाचं टोक नेऊन दाखवत गेलो. दोडका. घोसाळं. कारलं. पडवळ. दुधी. तांबडा भोपळा. घेवडा. तोंडलं. काकडी. मुलांनी माझ्यामागून नावं म्हटली, पण नजरा जमिनीकडे होत्या.

वळलो तर ठकूबाई मागे उभी.

"मास्तर, बोट खाली करा."

"ठकूबाई, शिक्षण चाललंय."

"चालू द्या की. मुठीनं चालवा."

"बोटाने फळ झडतं, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"सांगाया कशाला लागतंय?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "नाळ सुकली न्हाई त्या लेकराला कुणी असं टोकतं का? कळीला बी कळतं आपल्याला कुणीतरी मोजलंय म्हून."

मी तिला पंधरा मिनिटं विज्ञान सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि जाताना बायजाचं मी सरळ केलेलं बोट आपल्या मुठीत धरून तिला घेऊन गेली.

एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो. दुसऱ्या दिवशी मी आणखी अक्कल चालवली. नऊ भाज्या, नऊ मुलं. प्रत्येकाला एक भाजी वाटून दिली, म्हणजे ओळख पक्की. बोट पुढे करून म्हणत गेलो: तू दोडका, तू घोसाळं, तू कारलं. गेणू उंच, तो पडवळ. त्याने "मला खडा बांधू नका म्हंजे झालं" म्हणून सगळ्यांना हसवलं. शेवटी बायजा. सगळ्यांत लहान म्हणून लाडाने मी तिच्या कपाळावर बोटाचं टोक टेकवलं आणि म्हणालो, "आणि ही आमची काकडी." ती लाजली. तिचं कपाळ थंड होतं, पहाटे वेलावरून तोडलेल्या काकडीसारखं.

रोज दुपारी सुट्टीआधी उजळणी. नऊ जण ओळीने उभे राहून आपापलं नाव ओरडायचे, आणि दोन क्षणांनी कौलं उतरवलेलं गाव तीच यादी परत वाचायचं. दोडका. घोसाळं. कारलं. गावाचा आवाज आमच्यापेक्षा बारीक होता. पहिल्या दिवशी पोरं खूष झाली, पुन्हा पुन्हा ओरडली.

"मास्तर, तिकडं बी शाळा भरती का वं?" बायजाने विचारलं.

मी प्रतिध्वनी समजावला. भिंत, आवाज, रबरी चेंडू.

तिने सगळं नीट ऐकलं. "माजं दादा तिकडंच हायती," ती म्हणाली, आणि खडूने सतरंजीवर रेघा ओढत बसली.

आठवड्याने दोडका झडला. मी हजेरी घेत होतो. मांडवाखाली टप्प असा आवाज झाला, ओल्या मातीवर मऊ काहीतरी पडल्याचा. गेणू जाऊन घेऊन आला. तळहाताएवढा दोडका, हिरवागार, आणि मधोमध बोटाच्या टोकाएवढा एक काळा मऊ डाग. मी दाबून पाहिलं. बोट आत गेलं. आंबूस गोड वास आला, श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी पत्रावळींना येतो तसा.

"कीड," मी म्हणालो.

दुसऱ्या सकाळी घोसाळं. तिसऱ्या सकाळी कारलं. मी भागूजीला मोटेवर गाठून म्हटलं की कीड लागली आहे, राख मारा. त्याने मोटेचा नाडा सैल सोडला, मोट विहिरीत उतरताना चाक कुरकुरलं, आणि ते थांबल्यावर तो म्हणाला, "कीड वळीनं येत न्हाई, मास्तर." सबंध वर्षात माझ्याशी बोललेलं त्याचं ते एकच वाक्य.

पोरांना मात्र ओळ पाठ होती, मीच घोकून घेतलेली. सकाळी आली की पाटी खाली ठेवून आधी मांडवाखाली जायची. "पडवळ झडलं," गेणू येऊन सांगायचा. मग जरा थांबून, "आता दुधी." त्याच्या आवाजात भीती नव्हती. बेरीज बरोबर आल्यावर मुलं बोलतात तसा तो बोलायचा. मी मूठ मिटून फिरू लागलो. मुठीनेच पाटी द्यायचो, मुठीनेच पगडी सारखी करायचो. एकदा मिटल्या मुठीने भाकरी मोडायला गेलो आणि आमटीची वाटी मांडीवर उलटवून घेतली. ठकूबाईने पाहिलं. हसली नाही.

आणि उजळणी. याची शपथ घ्यायला मी तयार नाही. वाऱ्याची दिशा बदलली असेल, भिंती पावसाने भिजल्या असतील. पण दोडका झडला त्या दिवसापासून गाव दोडका म्हणेना. आमच्याकडून नऊ नावं जायची, तिकडून आठ यायची. मग सात. मग सहा. पोरं ओरडून झाल्यावर गप्प उभी राहून कान द्यायची आणि ओठांतल्या ओठांत मोजायची. मी उजळणी बंद का केली नाही? कारण बंद केली तर मी घाबरलो असं नऊ पोरांना कळलं असतं. एकोणिसाव्या वर्षी माणसाला मरणापेक्षा ते जास्त वाटतं, विशेषतः मरण आपलं नसलं म्हणजे.

तोंडलं झडलं त्या दिवशीची दुपार टळटळीत होती. मोट थांबलेली. नऊ जण आपापली नावं ओरडले. आम्ही वाट पाहिली. पांढऱ्या गावाकडून एकच नाव आलं.

"काकडी."

मी सांगतो ना, बारीक आवाज. आणि सतरंजीच्या टोकाला बायजा उभी राहिली, हात जोडून, मी शिकवलं होतं तसं, आणि गावाकडे तोंड करून म्हणाली, "हजर."

संध्याकाळी काकडीचा वेल देठापासून मऊ पडला. बायजाला ताप भरला.

मग दोन दिवस सतरंजीवर आठच मुलं. मी त्यांच्याकडून पाढे म्हणून घेतले. पाढ्यांना गाव उत्तर देत नव्हतं. तिसऱ्या दिवशी, पुन्हा तीच दुपारची वेळ, ठकूबाई करंजाखाली येऊन उभी राहिली.

"मास्तर, चला."

"कुठे?"

"तिच्या कपाळाला बोट लावलंय तुमी. तुमीच मागं घ्या."

"अहो, मी काय वैद्य आहे? नारायणगावहून बोलवा कोणाला तरी."

"आलता वैद. झोपडीच्या बाहेरनंच बोलला. गाठ आलीय का म्हनला. म्या म्हनलं, अजून न्हाई. मंग म्हनला, आली की सांगा." तिने पदराने मान पुसली. "दोन दीस दातखीळ हाय. पान्याचा थेंब आत जात न्हाई. ह्या आदी दोन असंच गेलं माजं. मला ठावं हाय किती वेळ ऱ्हातो ते."

"मी काय करू?"

"ज्याला दावलं त्यानं त्ये बोट चावलं की फिटतं. भोपळ्याला तोंड न्हाई, म्हून त्यो मरतो. माज्या पोरीला हाय."

इथे मी काय केलं ते लपवून ठेवावं असं आजवर ठरवलं होतं. मी विचारलं, "डाव्या हाताचं चालेल का?"

"दावलं कंच्या हातानं?"

"उजव्या. पण मला त्या हाताने लिहावं लागतं, ठकूबाई."

"तिला बी लिवाया शिकवणार व्हता न्हवं?"

मग मी नारायणगावच्या वाटेकडे पाहिलं. एकदा नव्हे, दोनदा. तिने ते पाहिलं. ती बाजूला सरली, वाट मोकळी करून दिली आणि नुसती उभी राहिली. तिने हात धरून ओढलं असतं तर मी हिसडा मारून पळालो असतो, हे मला नक्की ठाऊक आहे. पण मोकळ्या वाटेवरून पळायला जे धाडस लागतं ते माझ्यात नव्हतं. म्हणून गेलो.

झोपडीत कडुनिंबाच्या पाल्याचा धूर कोंडला होता. घोंगडीवर बायजा इतकी लहान दिसत होती की आधी मला नुसती घोंगडीच दिसली. ओठ पांढरे, दात घट्ट मिटलेले, आणि डोळे उघडे, कुडाच्या ज्या फटीतून गाव दिसत होतं तिथे लागलेले. मी बोट तिच्या ओठांशी नेलं. "बायजा, चाव." काही नाही. "चाव बाळ. मास्तर सांगतायत." मास्तर सांगतायत म्हणून चावण्याइतकी ती भोळी कधीच नव्हती.

ठकूबाईने पुढे होऊन तिचे गाल दोन्हीकडून जबड्याच्या सांध्यात दाबले, दूध न पिणाऱ्या वासराचं तोंड उघडतात तसे. फट पडली. मी बोट आत घातलं. आत भट्टी होती. ठकूबाईने हात काढले आणि दात मिटले.

मी ओरडलो. चांगला मोठ्याने ओरडलो. बाहेर बैल बुजले म्हणे. बोट ओढायला गेलो तर ठकूबाईने माझं मनगट धरलं. "सोडवू नका. तिला सोडू द्या."

किती वेळ बसलो? उन्हाचा पट्टा माझ्या गुडघ्यावरून घोंगडीवर आणि घोंगडीवरून कुडाच्या भिंतीवर चढला. बोटाच्या पेरावर तिचा श्वास लागायचा, मग थांबायचा, मग मी माझाही थांबवायचो. फटीतून मला ते गाव दिसत होतं. चुन्याच्या भिंती, दारांची काळी भोकं. नऊ दारं मोजली आणि पुढे मोजायचं धाडस झालं नाही. रक्त कुठून तरी मनगटावर ओघळत होतं, माझंच असणार.

ठकूबाई चुलीशी काहीतरी कुस्करत होती. पळीत घेऊन आली. नारिंगी, पातळ.

"काय आहे?"

"रताळं. आता उकरलं. मातीखाली व्हतं, त्येला अजून कुणी बघितलं न्हाई. तुमी बी बघू नका."

मी डोळे मिटले. तिने पळी माझ्या बोटावर वाकडी केली. कोमट धार बोटावरून घरंगळत दातांच्या फटीशी गेली, तिथे थांबली, हनुवटीवरून खाली गेली. पुन्हा धार. पुन्हा खाली. ठकूबाई मोजत नव्हती, देवाचं नाव घेत नव्हती, नुसती पळी वाकडी करत होती. केव्हातरी मला बोटाला काहीतरी मऊ लागलं. जीभ. आधी नुसती लागली. मग तिने ओढलं, बोट टाळूला दाबून, वासरू ओढतं तसं. मी डोळे उघडले नाहीत. ठकूबाईची पुढची धार माझ्या गुडघ्यावर सांडली.

दिवस मावळताना दात सुटले. ठकूबाई म्हणाली, "आता जावा." पोर जगली का, असं विचारायचं होतं. तिचा चेहरा पाहून विचारलं नाही.

त्यानंतरचे दहा दिवस मी माझ्या काखा आणि जांघा चाचपण्यात घालवले. त्या झोपडीकडे जायची सगळ्यांना मनाई. ठकूबाई बाहेर दिसेना, भागूजी दिसला तरी बोलेना. बोट सुजून दोडक्याएवढं झालं, ही उपमा मी तेव्हा मनातल्या मनातही वापरली नाही. पोरं माझ्या बोटाकडे बघायची आणि एकमेकांकडे बघायची.

परवा हे आठवत बसलो तोवर उन्हं थारोळ्यावरून उतरली होती. लग्नाघरी माझी शोधाशोध सुरू झाली असेल, किंवा नसेलही. त्या वर्षाच्या शेवटी मी बदलीचा अर्ज केला आणि तळेघरला गेलो. तिकडे डोंगरात भात आणि नाचणी. लोंबी आपली मान खाली घालून उभी असते. तिला कोणी बोट दाखवो न दाखवो. तिथे मी अठरा वर्षं काढली. पण जाण्याआधीची ती एक सकाळ सांगायची राहिली.

अकरावा दिवस. धुकं होतं, करंजाची पानं सतरंजीवर पडली होती. मी पट उघडला आणि मान वर न करता नावं वाचू लागलो. आठ झाली. मग जरा थांबून वाचलं, "बायजा भागूजी."

मी टाक शाईत बुडवला.

"बायजा भागूजी," मी पुन्हा म्हणालो.

"बायजा गेली, मास्तर," मागून ठकूबाईचा आवाज आला. "खोडा तिचं नाव."

टाकातून पटावर शाईचा थेंब पडला. मी नावावर आडवी रेघ ओढली. पुढे लिहायचा सरकारी शब्द ठरलेला असतो: मयत. तो लिहिला. अक्षर वाईट आलं. मग सतरंजीच्या टोकाकडून चघळण्याचा आवाज यायला लागला.

ठकूबाईच्या कडेवरून उतरून ती तिथे बसली होती. डोकं भादरलेलं, मान देठासारखी बारीक, हातात उकडलेलं रताळं. मी तोंड उघडलं, पण ठकूबाईने नजरेने दाबलं.

"ही धोंडी," ती म्हणाली, मोठ्याने, गावाकडे तोंड करून. "धोंडी भागूजी. नवी हाय. लिवून घ्या."

मी लिहून घेतलं. पटावर एक मूल मेलं आणि एक आलं. डिपटीसाहेबांनी पुढे विचारलंही, एकाच बापाची, एकाच वयाची? मी म्हटलं, होय.

"आता दावा बोट खुशाल," ठकूबाई म्हणाली. "धोंड्याला काय व्हतंय?"

माझा हात मांडीवरून उठला नाही. तो काही केल्या उठेना. मी नुसतं म्हणालो, चला, उजळणी. बाकीच्यांनी नावं ओरडली. गाव गप्प होतं. मग धोंडी उभी राहिली. भाजी उरली नव्हती, म्हणून तिने समोर दिसेल ते दाखवायला सुरुवात केली, आणि तिचं बोट अगदी सरळ होतं, मी करून दिलं होतं तसं. मांडवाकडे नेलं, म्हणाली, "ह्यो मांडव." विहिरीकडे. "ही हीर." मग ते बोट हळूहळू वळत माझ्या छातीसमोर येऊन थांबलं.

"आन् ह्ये मास्तर."

बाकीची आठही पोरं माझ्याकडे बघायला लागली. रोज सकाळी मांडवाकडे बघायची तशी, गप्प, ओठ हलवत, वाट बघत.